नाशिकहून क्रूझला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की कॉलनीतून, भिशीतून आणि शाळेच्या जुन्या ग्रुपमधून आमच्याकडे हेच प्रश्न येतात. उत्तरं मुंबईहून सुटणाऱ्या, दोन ते पाच रात्रींच्या किनारी क्रूझपुरती आहेत. दर आणि सुटण्याच्या तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत. आज लिहिलेला आकडा पुढच्या आठवड्यात खोटा ठरतो.

मुंबईहून कोणती क्रूझ सुटते?

नियमितपणे चालणारं जहाज कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’. सप्टेंबर २०२१पासून ते मुंबईहून जातंय. जहाज नवं नाही. १९९०मध्ये फ्रान्समध्ये बांधलं गेलं आणि आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. अकरा मजले, साधारण १,८०० प्रवासी. परदेशातल्या नव्या जहाजांचे व्हिडिओ बघून कुणी घसरगुंड्यांची आणि रोलर कोस्टरची अपेक्षा धरली असेल, तर ती आधीच कमी करा. पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम, मुलांची खोली, दोन-तीन जेवणघरं, कॅसिनो आणि बसायला भरपूर मोकळे डेक, एवढं मिळतं. आमच्या मते ते पुरतं.

२०१८मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली होती, ती २०२०मध्ये बंद पडली. तिच्या जुन्या जाहिराती अजून व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यातल्या नंबरवर पैसे पाठवू नका.

दोन रात्री पुरतात का?

आपल्यासारख्यांना नाही. मुंबईकराचं घर बंदरापासून तासाभरावर असतं, नाशिककराचा जाण्यात अर्धा आणि येण्यात अर्धा दिवस जातो. दोन रात्रींच्या फेरीत पहिली संध्याकाळ खोली शोधण्यात, दुसरा दिवस जहाज समजून घेण्यात जातो आणि तिसऱ्या सकाळी बॅगा दाराबाहेर. तीन रात्री हे किमान धरा. त्यातला एक पूर्ण दिवस जहाज कुठेही न थांबता समुद्रातच असेल, अशी फेरी निवडा.

बरेच जण उलटं करतात. जास्त बंदरं म्हणजे जास्त वसूल, असा हिशेब घालतात. पण घरच्यांसोबत जायचं असेल तर जहाज हेच ठिकाण समजा आणि बंदरं वरकड. स्वयंपाक नाही, गाडी चालवणं नाही, ‘पुढे कुठे जायचं’ हा वाद नाही, आणि सगळे एकाच छपराखाली. असे तास जमिनीवरच्या सहलीत मिळत नाहीत, त्यासाठीच तर पैसे मोजायचे.

कोकण बघायचंय. गाडीने जावं की क्रूझने?

गाडीने. क्रूझमधून कोकण दिसत नाही, कोकणाची लांबवरची रेघ दिसते. मोठं जहाज किनाऱ्यापासून बरंच आत राहतं आणि मुंबई-गोवा अंतर बहुतेक रात्रीच कापतं. माशांचं ताट, वाडीतलं घर, किल्ल्यावर चढणं हवं असेल तर दापोली, गुहागर, मालवण गाठा.

मुंबई सोडताना मात्र उजेड असला तर डेकवर थांबा. कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्जचं दीपगृह आणि त्यानंतर अलिबागच्या बाजूला खांदेरी-उंदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये बांधकाम काढलं आणि मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर ते पुरं केलं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रावरचे चार आहेत. त्याच यादीत बागलाणातला आपला साल्हेरही आहे. मुलांना सांगायला एवढं निमित्त पुरे.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात चांगलं. एप्रिल-मे चालतं, फक्त दुपारी डेकवर बसवत नाही. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी समुद्र खवळलेला असतो. मच्छीमारांच्या बोटीही १ जून ते ३१ जुलै बंद असतात, मांडव्याच्या लहान लाँचेस पावसाळ्यात थांबतात आणि पर्यटनाचं जहाजही या काळात मुंबई सोडून दुसरीकडे वळवलं जातं. अरबी समुद्रात वादळं येतात ती मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणून मेअखेरचं स्वस्त तिकीट दिसलं तर ते स्वस्त का आहे, हेही लक्षात घ्या.

आता आपली अडचण. ग्रुपमध्ये निफाड, दिंडोरी किंवा पिंपळगावचं कुणी द्राक्षवालं असेल तर समुद्राचा चांगला हंगाम आणि बागेचा हंगाम नेमका एकच. ऑक्टोबरची छाटणी झाली की माल निघेपर्यंत माणूस बागेला बांधलेला. अशांसाठी माल गेल्यावर, खरड छाटणी उरकून, एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला पंधरवडा धरा. त्यांना फेब्रुवारीत ‘चल रे, तीन दिवसांनी काय होतं’ असा आग्रह करू नका. तीन दिवसांनी बरंच काही होतं.

सिंहस्थाचं बरेच जण विचारतात. मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७मध्ये आहेत, म्हणजे तशीही क्रूझ नसतानाच्या काळात. शहरातल्या आणि महामार्गावरच्या कामांमुळे निघताना हाताशी वेळ मात्र ठेवा.

नाशिकहून बंदरावर कसं पोहोचायचं?

जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं. तिथल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. सीएसएमटीहून टॅक्सीने जेमतेम दहा मिनिटं.

रेल्वेने जायचं तर पंचवटी. सकाळी नाशिक रोडहून बसलात की अकराच्या आतबाहेर सीएसएमटीला. जहाजं शक्यतो दुपारनंतर सुटतात, त्यामुळे हा मेळ बरा बसतो. आरक्षण नसेल तर पंचवटीच्या वाटेला जाऊ नका. चार बॅगा आणि आजी घेऊन पासवाल्यांच्या डब्यात शिरणं म्हणजे सहलीआधीच भांडण.

रस्त्याने जायचं तर दहा-बारा जणांसाठी सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर सोडायला आणि न्यायला ठरवा. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण समृद्धी तुम्हाला भिवंडीपाशी सोडते, आणि खरा वेळ तिथून ठाण्यापर्यंत जातो. पुढे ईस्टर्न फ्री वे पकडला की पी. डिमेलो रोडवर उतरता आणि बंदर समोरच. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. ती वेळ तिकिटावर बघून नाशिक सोडायची वेळ ठरवा, आणि त्यात दोन तास भिवंडीच्या नावाने घाला. जहाज कुणासाठी थांबत नाही.

स्वतःची गाडी नेऊ नका. दक्षिण मुंबईत तीन दिवस गाडी ठेवण्याचा ताप आणि भाडं, दोन्ही नको.

आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ सोबत असेल तर आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे उतरलेलं बरं. ठाणे-डोंबिवलीत एक तरी आत्या असतेच.

खोली कोणती घ्यावी?

चार प्रकार असतात. आतली, म्हणजे खिडकी नसलेली. समुद्राकडच्या बंद खिडकीची. बाल्कनीची. आणि सूट.

तरुण मित्रमंडळी असेल तर आतली घ्या, झोपण्यापुरतीच लागते. आत मिट्ट अंधार असतो आणि सकाळ झालेली कळत नाही, म्हणून गजर लावा. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांना मात्र ती देऊ नका. घरात वयस्कर कुणी असेल तर त्यांच्या खोलीला खिडकी हवीच. गुडघे दुखतात म्हणून दुपारभर खोलीत पडून राहिलेल्या माणसाला निदान पाणी दिसू दे. बाल्कनीचे पैसे तीन रात्रींसाठी आम्हाला जड वाटतात, कारण मोकळा डेक फुकट आहे.

प्रकाराइतकीच जागाही महत्त्वाची. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते. टोकाची आणि वरची जास्त हलते. नाचाच्या हॉलच्या वरची किंवा खालची खोली नको. बुकिंग करताना मजल्यांचा नकाशा मागा. तो देत नसेल तर एजंट बदला.

आम्ही सातजण आहोत. खोल्यांचं कसं करायचं?

विषम आकडा महाग पडतो. भाडं एका खोलीत दोघं धरून सांगितलेलं असतं. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत बराच स्वस्तात बसतो, पण एकटा माणूस वेगळी खोली घेईल तर जवळजवळ दोघांचं भाडं भरतो. सात जणांना दोन-दोन-तीन करा. तिसरी-चौथी झोपायची जागा भिंतीतून खाली येणारी वरची फळी असते, ती मुलांना आवडते आणि मोठ्यांना नाही. तिच्यावर ‘काका झोपतील’ असं काकांना न विचारता ठरवू नका.

सगळ्या खोल्या एकाच वेळी, एकाच बुकिंगमध्ये काढल्या तर शेजारी-शेजारी मिळायची शक्यता वाढते.

एकूण खर्चात काय धरायचं?

जाहिरातीतला आकडा म्हणजे अर्धी गोष्ट. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतो. ‘सगळं मिळून, सात जणांचं, शेवटचा आकडा’ असं लेखी मागा आणि दोन ठिकाणांहून आलेले आकडे मगच ताडून बघा. खोली, ठरलेल्या जेवणघरातलं जेवण आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, इंटरनेट, बंदरावरची सहल आणि फोटो वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि शेवटी बिल भरायचं. कार्ड मुलांच्याही हातात असतं. पहिल्याच दिवशी रिसेप्शनला सांगून मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करून घ्या, नाहीतर शेवटच्या रात्री शीतपेयांचा हिशेब बघून बाबांना डॉक्टर लागेल.

ग्रुपमधला पैशांचा घोळ टाळायचा तर दोनच खाती ठेवा: सामाईक आणि ज्याचं त्याचं. भाडं, टेम्पो, गोव्यातली टॅक्सी सामाईक. बाकी प्रत्येकाच्या कार्डावर. खजिनदार एकच, आणि तो ग्रुपमधला सगळ्यात हौशी माणूस नसावा. काही भिशीवाल्या बायका वर्षभर दर महिन्याला थोडे बाजूला टाकून जातात. ही पद्धत आम्हाला सगळ्यात आवडते, कारण निघताना कुणालाच एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही.

रद्द करण्याचे नियम नीट वाचा. जसजशी तारीख जवळ येते तसतसे परत मिळणारे पैसे कमी होतात आणि शेवटी शून्य. नाव बदलता येतं का, तेही विचारा. बाराजणांच्या ग्रुपमध्ये एकजण गळतोच.

कागदपत्रं कोणती?

देशातल्या देशात फिरणाऱ्या फेरीला पासपोर्ट लागत नाही. सरकारी फोटो ओळखपत्र मूळ प्रत घेऊन जा, झेरॉक्सवर भागत नाही. मुलांचं आधार असेल तर उत्तम, नसेल तर कोणता कागद चालेल ते कंपनीकडून लेखी घ्या. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरश: जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधारवर नाव बदललंय आणि बुकिंग जुन्या नावाने झालंय, हा गोंधळ नेहमीचा.

जहाज श्रीलंकेला किंवा परदेशातल्या दुसऱ्या बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट हवाच. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते, पण तुमची कागदपत्रं वेळेत पोहोचली तरच.

बोट लागते का हो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा नवरा बायकोच्या नावाने विचारतो.

कारण साधं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय. डोळ्यांना मात्र खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. दोन्ही निरोप जुळत नाहीत आणि पोट ढवळतं. म्हणून उपाय डोळ्यांपासून सुरू करायचा. बंद खोलीत मोबाइल बघत पडू नका, मोकळ्या डेकवर जहाजाच्या मध्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आल्याने पुष्कळांना आराम पडतो. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा.

गोळी घ्यायची तर उलटी सुरू झाल्यावर नाही, आधी. अॅव्होमिन आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिने झोप येते. रक्तदाब, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच गोळी नको. दोन वर्षांखालच्या मुलांना तर ती देतच नाहीत.

एवढं सांगूनही, हिवाळ्यातल्या शांत समुद्रात मोठ्या जहाजावर बहुतेकांना काही होत नाही. डोलणं थोपवायला अशा जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. कसाऱ्याच्या घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोट लागेलच असं नाही, आणि उलटंही खरं.

आधी तालीम करता येईल का?

गंगापूर धरणावरचं बोटिंग यासाठी उपयोगाचं नाही, धरणाच्या पाण्यात समुद्राची लाट नसते. एखाद्या शनिवार-रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, जाऊन या. तासाभराचा प्रवास, आणि अलिबागची सहलही होते. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच त्याहून जास्त हलते. तिच्यावर जो टिकला तो क्रूझवर मजेत राहील.

आजी-आजोबांना झेपेल?

झेपतं. खरं तर त्यांच्यासाठीच ही सहल सगळ्यात सोयीची आहे. लिफ्ट आहेत, डॉक्टर असतो, खोली रोज बदलावी लागत नाही, आणि दमलं की पाच मिनिटांत आपल्या पलंगावर. अडचणी तीन. जहाज लांब असतं, त्यामुळे खोली ते जेवणघर बरंच चालणं होतं. लिफ्टजवळची खोली मागा. बाथरूमला उंबरठा असतो आणि जागा अरुंद असते; रात्री दिवा चालू ठेवा. आणि एसी जोरात असतो. शाल, मोजे, कानटोपी मे महिन्यातही न्या. व्हीलचेअर जाईल अशा रुंद दाराच्या खोल्या मोजक्याच असतात, त्यांच्यासाठी काही महिने आधी सांगावं लागतं.

औषधं हातातल्या पिशवीत. बंदरावर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीत येतात. तोवर इन्सुलिन कुठे आहे ते शोधत बसायला नको.

तान्हं बाळ किंवा गरोदर सून सोबत असेल तर?

क्रूझ कंपन्या साधारणपणे सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत आणि चोवीस आठवड्यांपुढच्या गरोदर प्रवाशालाही नाही. त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात. जहाजावरचा दवाखाना प्रथमोपचाराचा, तिथे बाळंतपण होत नाही.

जेवण कसं असतं? घरचं नेता येतं का?

शाकाहारी आणि जैन जेवण वेगळं मिळतं, बुकिंगच्या वेळी सांगून ठेवा. चव बरीचशी उत्तर हिंदुस्थानी, पनीर भरपूर. वरण-भात-लिंबू शोधणाऱ्यांना डाळ-भातावर समाधान मानावं लागतं. शिजवलेलं अन्न घरून नेऊ देत नाहीत. नाशिकचा चिवडा, शेंगदाण्याचा लाडू असलं बंद पाकिटातलं कोरडं चालतं का, ते आधी विचारा. नियम बदलत असतात आणि सुरक्षा तपासणीत वाद घालून उपयोग नसतो.

उपास असेल तर फळं, दूध, दही, ताक यावर काढायची तयारी ठेवा. साबुदाण्याची खिचडी मिळेल या भरवशावर चतुर्थीला निघू नका.

दहा जणांनी दर वेळी एकत्रच जेवायचं हा हट्ट सोडा. रात्रीचं जेवण सगळ्यांनी मिळून, बाकी ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा. यानेच निम्मी चिडचिड कमी होते.

खोलीत देवापुढे दिवा लावता येईल?

नाही. उदबत्तीही नाही, वाढदिवसाच्या केकवर मेणबत्तीही नाही. भर समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं. इस्त्री, पाण्याची किटली, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा तपासणीत काढून घेतात. साठीशांत किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर जहाजावर सांगून केक आणि सजावट करून घेता येते.

समुद्रात नारळ सोडायचा आहे.

आजींचा हा प्रश्न हमखास असतो. डेकवरून काहीही खाली टाकायला बंदी आहे. प्लास्टिक तर आंतरराष्ट्रीय कायद्यानेच जगातल्या कुठल्याही समुद्रात टाकता येत नाही. नमस्कार करा आणि नारळ घरी नारळी पौर्णिमेच्या भाताला वापरा.

फोन लागतो का?

किनारा सुटला की तास-दोन तासांत रेंज जाते. जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट विकत मिळतं, ते महाग आणि सावकाश. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो आपोआप जहाजाच्या नेटवर्कला जोडला जाऊन समुद्री रोमिंगचं भलंमोठं बिल येऊ शकतं.

याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हॉट्सअॅप नसताना अकरा मजल्यांत बाराजण सापडत नाहीत. ‘पाच वाजता, तलावाशेजारच्या खुर्च्यांपाशी’ अशी जागा आणि वेळ पहिल्याच दिवशी पक्की करा, आणि दारावर चिठ्ठी चिकटवायला छोटी वही न्या. घरी राहिलेल्यांना सांगून ठेवा की दीड दिवस फोन लागणार नाही, म्हणजे ते घाबरणार नाहीत.

सुरक्षित आहे ना?

आहे, फक्त कवायत टाळू नका. २०१२मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाला: प्रवाशांना जमवून सुरक्षेची माहिती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी द्यायलाच हवी. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की खोलीत बॅग आणायला जायचं नाही, ठरलेल्या जागी जमायचं. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत आहे का, ते पहिल्या तासातच बघून घ्या.

कठड्यावर मुलांना बसवून फोटो काढणारे आईबाप प्रत्येक फेरीत दिसतात. त्यांना ओरडायला संकोच करू नका.

गोव्यात एक दिवस मिळतो. काय बघावं?

जहाज मुरगावला लागतं, पणजीला नव्हे. बंदर वास्कोजवळ आहे आणि पणजी तिथून तीसेक किलोमीटर. परत चढायची वेळ दुपारचीच असते. म्हणजे हातात फार तर पाच-सहा तास.

त्यात कळंगुट-बागा बसवायचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि दिवस टॅक्सीत घालवतात. उत्तर गोवा विसरा. आपल्याकडच्या पुष्कळ घरांची कुलदैवतं फोंड्याकडे आहेत; मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा. सकाळी दर्शन, वाटेत एखाद्या साध्या खाणावळीत जेवण आणि परत, एवढं निवांत होतं. नाहीतर जुन्या गोव्यातली चर्च. ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनी जहाजावरच राहावं. अर्धे लोक उतरलेले असतात, तलाव रिकामा असतो, आणि त्या दिवशीचं जहाज सगळ्यात छान.

आणि लक्षद्वीप?

पाणी बघून डोळे निवतात. पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकणं गुडघ्यांना अवघड, आणि वारा वाढला तर उतरवणंच रद्द. कोकणातल्या जुन्या आगबोटींचंही असंच होतं. हर्णै-जयगडला माणसं भर समुद्रात पडावात उतरायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकवलं की ते आपणच ‘आम्ही वरून बघू’ म्हणतात. बंगाराम सोडलं तर लक्षद्वीपच्या बेटांवर दारू चालत नाही, हे मित्रमंडळींना आधीच सांगा.

ठरलेलं बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात?

साधारणपणे नाही. हवामान बघून मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाचा असतो आणि तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. फार तर त्या बंदराचं शुल्क परत येतं. म्हणूनच वर म्हटलं की जहाज हेच ठिकाण समजा.

मित्र पिणारे, घरचे न पिणारे. एकत्र जमेल?

जमतं, जहाज मोठं आहे. बाहेरून बाटली नेता येत नाही, ती तपासणीत काढून घेतात. कॅसिनोसाठी प्रत्येकाने आकडा घरूनच ठरवून जावं आणि बायकोला सांगून जावं. बाकी आम्ही काही सांगत नाही.

परतीचं काय करावं?

जहाज सकाळी मुंबईला लागतं, पण उतरायला वेळ लागतो. बाहेर पडेपर्यंत दहा-अकरा धरा. टेम्पो ट्रॅव्हलरला साडेदहाची वेळ द्या आणि उशीर झाला तर थांबण्याचे पैसे आधी ठरवा. रेल्वेने यायचं तर दुपारची वंदे भारत सोयीची. ती चुकली तर संध्याकाळची पंचवटी आहेच; बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा आणि मधला वेळ पलीकडच्या इराणी हॉटेलात किंवा क्रॉफर्ड मार्केटात काढा. दुसऱ्या दिवशी शक्यतो कामावर जाऊ नका. घरी आल्यावर पहिली रात्र अंथरूण हलल्यासारखं वाटतं. ते नॉर्मल आहे, एक-दोन दिवसांत जातं. त्याहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.